अक्षरांची किल्ली

अचलपूरच्या बाजारात, जेथे लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रके एकाच संगणकावर एकापाठोपाठ तयार होत असतात, अशा एका डीटीपीच्या दुकानात गेल्या हिवाळ्यात मी माझ्या वडिलांची एक जुनी सीडी घेऊन गेलो होतो. सेवानिवृत्तीनंतरची पाच-सहा वर्षे खर्ची घालून वडिलांनी गावाविषयीची टिपणे जमविली होती: दुल्हा दरवाजा आणि कोटाच्या इतर वेशी, हौज कटोऱ्याचा मनोरा, सापन आणि बिच्छन या नद्यांचे पूर, इमादशाहीच्या आणि निजामाच्या अमदानीविषयी जुन्या वाड्यांतून ऐकलेल्या हकिगती, आणि कोणत्या पुऱ्याचे नाव कशावरून पडले याविषयी वृद्ध मंडळींत असलेले मतभेद. १९९९ साली ती टिपणे त्यांनी परतवाड्यात संगणकावर जुळवून घेतली, मुद्रिते स्वतः तपासली, ग्रंथरूपाने छापण्याइतका पैसा जवळ नव्हता म्हणून ती तशीच राहू दिली. आणि मजकूर यंत्रात सुरक्षित आहे या भरवशावर मूळ वह्यांकडे पुढे आम्हां कोणाचेच लक्ष राहिले नाही. वह्यांना वाळवी लागली. २००६ साली वडील गेले. मागे राहिली ती ही सीडी.

दुकानातल्या तरुणाने फाइल उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची एक रास उमटली. मोठी अक्षरे, लहान अक्षरे, मधूनच शेकड्याचे चिन्ह, अर्धवट कंस, स्वल्पविराम; पाने मात्र एकशे बारा, परिच्छेद जागच्या जागी, मथळे मधोमध. त्याने दोन-चार फॉन्ट लावून पाहिले, प्रत्येक वेळी एका जातीची रास जाऊन दुसऱ्या जातीची आली, आणि शेवटी हात आखडून तो म्हणाला, "थो फॉन्ट आता नाही भेटत, काका. फाइल पुरी आहे, पण वाचता नाही येत."

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि जे समजले ते माझ्यासारख्याच संगणकाच्या वाटेला न गेलेल्या वाचकांसाठी येथे मांडीत आहे.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, अंक ठाऊक असतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा, क्रमांक साठवायचा, आणि दाखविण्याची वेळ आली की त्या क्रमांकाच्या घरात जी आकृती ठेवली असेल ती पडद्यावर काढायची, एवढाच हा व्यवहार. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अशी घरे फार तर २५६ असत. इंग्रजीची वर्णमाला, अंक आणि विरामचिन्हे त्यांत मावूनही कितीतरी जागा उरे. परंतु देवनागरीची पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, काना-मात्रा, वर चढणारा रफार, खाली लटकणारा रकार आणि क्ष-ज्ञ यांसारखी जोडाक्षरे बसवायची म्हणजे दाटीवाटी होई, आणि ही दाटी प्रत्येक फॉन्ट-कंपनीने आपापल्या सोयीने सोडविली. एकाने ज्या घरात 'क' ठेवला त्याच घरात दुसऱ्याने अर्धा 'श' ठेवला. ही सारी मांडणी त्या त्या कंपनीच्या फॉन्टपुरती खाजगी होती. सर्वांसाठी एक मांडणी असावी म्हणून कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या संशोधनातून 'इस्की' नावाचे मानक निघाले, भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ते प्रमाणही केले. पण पत्रिका आणि पत्रके छापणाऱ्या बाजारापर्यंत ते पुरतेपणी पोहोचले नाही. बाजाराने ज्याची मांडणी घेतली त्याच्याच फॉन्टला तो बांधला गेला. सी-डॅकचे पहिले संचालक डॉ. विजय भटकर हे आमच्या वऱ्हाडचे, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि १९९१ सालचा 'परम' महासंगणक हा त्यांच्या नावाशी जोडलेला पराक्रम सर्वांना ठाऊक आहे. पण महासंगणकाच्या तेजात झाकली गेलेली, एका भाषेच्या अक्षरांना कायमचे क्रमांक देण्याची ती निमूट खटपट मला आज तितकीच मोलाची वाटते.

एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरेच अक्षर लिहायचे, आणि ज्याच्यापाशी तक्ता असेल त्यालाच ते वाचता यावे, ही युक्ती वऱ्हाडला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे, शके १२०० च्या सुमारास, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्या मुखातून विचारून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन 'लीळाचरित्र' सिद्ध केले; त्यात आमचे अचलपूर 'अळजपूर' या नावाने येते. परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणातून पुन्हा पाठ बांधले, असे महानुभाव पंथाची परंपरा सांगते. पुढे ही पवित्र वाङ्मयसंपदा अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये म्हणून महानुभावांनी ती सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवली. ज्या काळात ग्रंथ जाळले जात आणि ग्रंथकर्ते मारले जात त्या काळातल्या या निर्णयाचा दोष काढण्याचा अधिकार आज सुखाने बसलेल्या आपल्याला नाही. त्या लिप्यांनीच हे धन जतन केले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण त्याचा दुसरा परिणामही खराच होता. मराठीतला आद्य चरित्रग्रंथ मराठी भूमीतच, मठामठांतून, पोथ्यांच्या बासनांत जागा असताना पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला तो सुमारे सहाशे वर्षे माहीत नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, काही महंतांनी उदार मनाने आपली बासने सोडली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी आणि पुढे डॉ. वि. भि. कोलत्यांनी या वाङ्मयासाठी आयुष्ये वेचली, आणि मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. आज त्याच रिद्धपूरला शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापिले आहे.

माझ्या वडिलांची फाइल आणि सकळ लिपीतली पोथी यांत तंत्राचा भेद जवळपास नाही, दोन्हीकडे अक्षराला अक्षर बदललेले आहे. भेद किल्लीत आहे. सकळ लिपीची किल्ली जिवंत माणसांपाशी होती, गुरूकडून शिष्याकडे जात होती, आणि म्हणून सहाशे वर्षांनीही कोणाला तरी ती विचारता आली. वडिलांच्या मजकुराची किल्ली एका विक्रीच्या वस्तूत होती. ती वस्तू बाजारातून उठली तेव्हा किल्लीही तिच्याबरोबर गेली, आणि त्याला वीस वर्षेसुद्धा लागली नाहीत.

आता हा प्रश्न फॉन्टपुरताच असता तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. आपल्या हाताखालची सगळीच सॉफ्टवेअरे याच कुलपाखाली असू शकतात, म्हणून तो थोडा मुळापासून पाहू. कोणतीही संगणक-प्रणाली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. तिला सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, म्हणतात. मग एक वेगळी प्रणाली त्या संहितेचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करते, आणि बहुतेक कंपन्या ग्राहकाला हे रूपांतर तेवढे देतात, संहिता आपल्या दप्तरात ठेवतात. रूपांतरावरून यंत्र काम करते. माणसाला त्यातून काही वाचता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे कपाशीच्या बियाण्यावरून चटकन कळेल. सरळ वाणाचे बी राखून ठेवले तर पुढल्या साली तेच पीक येते, शेजाऱ्याला पायलीभर देता येते, चांगली झाडे निवडून ते सुधारताही येते. संकरित बियाण्याचे पीक एका हंगामाचे, पुढच्या हंगामाला पुन्हा दुकान गाठायचे. संकरिताची ती मर्यादा निसर्गाने घातलेली आहे. बंद सॉफ्टवेअरची मर्यादा मात्र निसर्गाने घातलेली नाही, विक्रेत्याने ठरविलेली आहे. आणि बियाण्याच्या बाबतीत भारतीय शेतकऱ्याच्या पाठीशी कायदा उभा आहे: पिकांचे वाण व शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम, २००१, हा कायदा संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि ब्रँडच्या नावाने नसल्यास विकण्याचासुद्धा हक्क शेतकऱ्याला देतो. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला असा हक्क कोणत्याही सरकारने दिला नाही. तो एका माणसाच्या हट्टातून आणि पुढे हजारोंच्या श्रमातून निर्माण झाला.

तो माणूस म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे एक नवे मुद्रणयंत्र आले. जुन्या यंत्रात कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर सूचना जाई, अशी सोय स्टॉलमनने त्याच्या संहितेत स्वतः केली होती. नव्याची संहिता मिळाली तर तीच सोय तेथेही करावी, म्हणून तो दुसऱ्या विद्यापीठातल्या, ती संहिता बाळगणाऱ्या एका संशोधकाकडे गेला, तेव्हा आपण ती कोणाला न देण्याचे वचन लिहून दिले आहे, असे त्याला उत्तर मिळाले. कागद अडकण्यासारखी क्षुल्लक बाब. पण आपल्याच खोलीतले यंत्र आपणच दुरुस्त करू शकत नाही, कारण कोणीतरी कोठेतरी गुप्ततेची कबुलायत लिहून दिली आहे, ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने, कोणालाही वापरता, तपासता, वाटता आणि सुधारता येईल अशी संपूर्ण संगणक-प्रणाली आपण लिहिणार असल्याचे जाहीर केले आणि तिला 'ग्नू' हे नाव दिले. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लायनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा लिहून त्यात भर घातली. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात, आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तेच आहे.

स्टॉलमनची खरी प्रतिभा मला त्याच्या संहितेपेक्षाही १९८९ साली त्याने सिद्ध केलेल्या 'जीपीएल' या परवान्यात दिसते. पुष्कळांची समजूत अशी असते, की मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कर्त्याने हक्क सोडून दिलेली, उकिरड्यावर टाकलेली वस्तू. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. कर्ता स्वामित्वहक्क घट्ट धरून ठेवतो, आणि त्या हक्काच्या बळावर सनद लिहून देतो: ही संहिता घ्या, वापरा, बदला, विका, मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तेव्हा संहितेसह द्या आणि हीच सनद त्याच्या हाती ठेवा. मुक्ततेची अट पुढच्या प्रत्येक प्रतीबरोबर चालत जाते. असे परवाने पुढे अनेक निघाले, त्यांतले काही एवढे कडक नाहीत. 'मुक्तस्रोत' हे व्यापारी जगाला अधिक मानवणारे नाव १९९८ साली रूढ झाले. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घुसडू नये अशी ताकीद शेवटी जोडली, हे वाचकांना आठवत असेल. ग्रंथ सर्वांचा, प्रत करण्यास कोणालाही मनाई नाही, तरी प्रतीबरोबर एक शर्त चालली पाहिजे, ही जाणीव दोन्हीकडे आहे. फक्त नाथांची शर्त पाठ न बदलण्याची होती आणि जीपीएलची शर्त बदल न लपविण्याची आहे.

कायद्याकडे वळू. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ सालचा. संगणक-प्रणाली ही साहित्यकृतींच्या सदरात १९८४ च्या दुरुस्तीने आली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कादंबरी आणि फॉन्ट चालविणारी प्रणाली या एकाच कोष्टकात बसल्या. साहित्यकृतीवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९४१ साली निवर्तलेल्या रवींद्रनाथांच्या लेखनावरचा हक्क १९९१ अखेर संपणार असे दिसताच १९९२ साली ती साठ करण्यात आली. या हिशेबाने १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून सर्वांचे झाले, आणि १९६८ साली मोझरीला देह ठेवणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता २०२९ च्या पहिल्या दिवशी सर्वांची होईल. ग्रंथाच्या बाबतीत ही मुदत मोठी वाटली तरी सोसते, कारण ग्रंथ त्या साठ वर्षांत कपाटात उघडा असतो, वाचणारा वाचत असतो. पण १९९९ साली तिशीत असलेल्या एखाद्या प्रणालीकाराला ऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले, तर त्याच्या बंद प्रणालीवरचा हक्क बाविसाव्या शतकात जाईल, आणि तोपर्यंत त्या प्रणालीचे यंत्र, तिची कंपनी आणि तिची संहिता यांपैकी काहीही शिल्लक असण्याचा संभव नाही. हक्क संपेल तेव्हा समाजाच्या हाती काय येईल? रिकामे कुलूप.

माझ्या वडिलांच्या त्या एकशे बारा पानांवर दोन स्वामित्वे एकमेकांत गुंतलेली आहेत, हेही मला या निमित्ताने कळले. मजकूर वडिलांचा, म्हणून वारसाहक्काने २०६६ अखेरपर्यंत आम्हां भावंडांचा. आणि तो दाखविणारी प्रणाली दुसऱ्याची. दिलासा एवढा, की याच कायद्याचे ५२ वे कलम कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला प्रणालीची राखीव प्रत ठेवण्याची, तिच्यामागची तत्त्वे समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण करण्याची, आणि दुसरी प्रणाली तिच्याशी जुळविण्यापुरती माहिती मिळविण्याची मुभा देते.

चोरट्या प्रतींविषयी बोलणे येथे प्राप्त आहे. तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे बंद सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती हातोहात फिरल्या. महाग परवाना परवडत नव्हता, आणि दुसरा मार्ग असतो हे कोणी सांगितले नव्हते. जाणूनबुजून अशी प्रत वापरणे हा ६३-ब कलमाखाली कैदेचा गुन्हा आहे. पण भीतीपेक्षाही मला दुसरीच गोष्ट सांगावीशी वाटते. चोरलेल्या प्रतीत संहिता नसतेच. ती वापरणारा कायदा मोडतो आणि तरीही किल्लीवाचून राहतो, आणि पुढच्या पिढीला त्याच कुलपाची सवय लावतो.

पेटंटची कथा निराळी आहे, आणि स्वामित्वहक्काशी तिची गल्लत नेहमी होते. स्वामित्वहक्क लेखनाच्या रूपाला मिळतो, पेटंट शोधाच्या कल्पनेला. तुमची संहिता न पाहता मी स्वतंत्रपणे तीच युक्ती शोधून काढली तर स्वामित्वहक्क मला अडवू शकत नाही. पेटंट अडवू शकते. मात्र पेटंटची मुदत वीस वर्षांची, आणि ते मिळविण्यासाठी शोध कसा चालतो ते सगळे लिहून जगासमोर मांडावे लागते. 'पेटंट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच 'उघडे' असा आहे. इंग्लंडचे राजे ज्या सनदा मोहोर न फोडता कोणालाही वाचता येतील अशा देत, त्या उघड्या सनदांवरून हे नाव आले. म्हणजे पेटंटधारक वीस वर्षांच्या मक्त्याच्या बदल्यात आपले गुपित समाजाला देतो, आणि बंद सॉफ्टवेअरचा धनी साहित्यकृतीचे दीर्घ संरक्षण घेऊन गुपितही आपल्यापाशीच ठेवतो. या दोहोंतला विषमपणा मला फार खटकतो, आणि कायद्याच्या चर्चेत तो जितका यावा तितका येत नाही.

सॉफ्टवेअरला पेटंट द्यावे काय? आपल्या १९७० च्या पेटंट अधिनियमाचे ३(के) म्हणून ओळखले जाणारे पोटकलम गणिती पद्धती, व्यापारी पद्धती, निव्वळ संगणक-प्रणाली आणि आकडेमोडीच्या रीती यांना पेटंटच्या बाहेर ठेवते. डिसेंबर २००४ मध्ये वटहुकमाने हे दार किलकिले करण्याचा प्रयत्न झाला. २००५ साली संसदेने तो बदल स्वीकारला नाही. 'निव्वळ' या एका शब्दाचा अर्थ किती ताणावा यावर मात्र पेटंट-कचेरीत आणि न्यायालयांत अजून वाद चालू आहेत. अमेरिकेत चित्रे आटोपशीर साठविण्याच्या एका गणिती रीतीवर १९८५ साली पेटंट दिले गेले, ती रीत वापरणारा चित्रप्रकार सर्वत्र पसरल्यानंतर १९९४ मध्ये धनी कंपनीने वसुली आरंभिली, आणि जगभरच्या प्रणालीकारांनी वैतागून 'पीएनजी' हा पेटंटमुक्त प्रकार बांधला. लीलावतीतली त्रैराशिके कोणाच्या मालकीची असती तर आमच्या बाजारातला हिशेबसुद्धा परवान्याने करावा लागला असता.

चुकीचे पेटंट रद्द होते, पण त्यासाठी लेखी पुरावा लागतो. हळदीने जखम भरून येते या गोष्टीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा गोव्यातल्या माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या संशोधन परिषदेचे प्रमुख होते तिने जुने ग्रंथ आणि लेख पुढे करून १९९७ साली ते रद्द करविले. आजीबाईच्या बटव्यातले ज्ञान खरे असून भागले नाही, ते कोठेतरी सर्वांना वाचता येईल असे लिहिलेले असल्यामुळे तरले.

मालकी एकाची आणि राबता दुसऱ्याचा असला म्हणजे काय होते, हे अचलपूरच्या माणसाने सॉफ्टवेअर पाहण्याच्या कितीतरी आधी पाहिले आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी अडीच फुटी रुळांची आमची 'शकुंतला' किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीने वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी घातली. देश स्वतंत्र झाला, रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, पण जुन्या करारामुळे हा मार्ग कंपनीचाच राहिला; गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि मोबदला जायचा कंपनीला. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत होते. मार्ग नीट करायचा, रुंद करायचा, तर खर्च कोणी करावा आणि हुकूम कोणाचा चालावा, हा प्रश्न दर वेळी त्या कराराशी येऊन अडे, आणि अखेरीस गाडी बंद पडली. यवतमाळच्या फाट्याचीही गत तीच. मी लहानपणी त्या गाडीच्या खिडकीत बसून पथ्रोटचे संत्र्यांचे बगीचे पाहिले आहेत. आपल्या दारातला रूळ आपला नाही, हे तेव्हा स्वप्नातही आले नसते. आज तहसील कचेरीतले फेरफार, दवाखान्यातल्या नोंदी, शाळेचे दाखले एकेक करून संगणकावर जात आहेत. ते ज्या प्रणालीवर आणि ज्या स्वरूपात ठेवले जातील त्यांची किल्ली कचेरीपाशी असेल की विक्रेत्यापाशी, हे करारात आजच लिहून ठेवले पाहिजे. केंद्र सरकारने २०१० साली खुल्या मानकांचे आणि २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे. धोरण आहे तर त्याची अंमलबजावणी आपल्या तालुक्यात किती झाली, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

अक्षरांपुरते बोलायचे तर दिवस पालटले आहेत. इस्कीच्याच पायावर युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पाडा मिळाला. 'क' कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही फॉन्टमध्ये, आता एकाच क्रमांकाने ओळखला जातो. जुन्या दस्तऐवजांची मोडी लिपीही २०१४ साली त्यात आली. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' घडविला, आणि मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात 'रघू' हा मुक्त फॉन्टही दिला. रेड हॅट कंपनीने २००४ साली 'लोहित' खुला केला. मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींचा 'मुक्त' कोणीही विनामूल्य वापरू शकतो. एका देवनागरी फॉन्टला शेकडो आकृत्या हाताने तोलून काढाव्या लागतात, त्यात कलावंताची वर्षे जातात, आणि ते काम विकून कोणी पोट भरीत असेल तर त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. फॉन्ट विकावा; अक्षरांचे क्रमांक विकू नयेत. मुक्तस्रोताचीही दुखणी आहेत. साऱ्या जगाचा व्यवहार ज्यावर चाले अशी एक प्रणाली मूठभर माणसे तुटपुंज्या साधनांवर सांभाळीत होती, हे २०१४ साली तीत 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष सापडला तेव्हा लोकांना कळले. वाचायला सर्वांना मोकळीक असली तरी वाचणारा कोणीतरी बसावा लागतो.

त्या डीटीपीच्या तरुणाने पुढे मला एक मुक्तस्रोत परिवर्तक शोधून दिला, जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये उतरविणारा. त्यात आमच्या फॉन्टचा तक्ता नव्हता. मग आम्ही दोघांनी, वडिलांनी ज्यावर खुणा केल्या होत्या ते कपाटात सापडलेले मुद्रिताचे एकच पान समोर ठेवून, राजवाड्यांनी पोथीसमोर बसावे तसे संगणकासमोर बसून, एकेक चिन्ह लावीत नेले. 'अचलपूर' हा शब्द पानावर अकरा वेळा होता, त्यातून सहा चिन्हे सुटली. व्यंजने दोन संध्याकाळी लागली. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात, म्हणून 'बिच्छन' पुन्हा पुन्हा बिघडून येई. रफाराचे त्याच्या उलट, टंकला जातो अक्षराच्या नंतर आणि साठवायचा अक्षराच्या आधी, म्हणून 'दर्गा' आणि 'मूर्तिजापूर' यांनी आणखी चार दिवस घेतले. परिवर्तकाची संहिता उघडी होती. तरुणाने वेलांटी कोठे सरकते ती ओळ शोधून काढली आणि जोडाक्षरासाठी तीत दुरुस्ती केली. पूर्ण झालेला तक्ता आणि ती दुरुस्ती परिवर्तकाच्या परवान्याप्रमाणे त्याने मूळ प्रकल्पाकडे पाठवूनही दिली.

एकशे बारा पानांपैकी एकशे नऊ आता वाचता येतात. उरलेल्या तीन पानांवर वडिलांनी एक फारसी शिलालेख देवनागरीत उतरवून घेतला होता. त्यात नुक्त्यासाठी वापरलेले एक चिन्ह आमच्या तक्त्यात अजून बसलेले नाही. मुद्रिताच्या पानावर ते कोठेच आलेले नव्हते. पुढल्या रविवारी मी त्या शिलालेखापाशी जाऊन प्रत्यक्ष दगडावरून तो कोणाकडून तरी वाचून घेणार आहे, म्हणजे त्या चिन्हाचा क्रमांकही लागेल.